टॉवर मागाहून येतो, आधी मोरी बुजते

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईत खाडीलगतच्या एका सोसायटीतल्या बाईंनी विचारलं आहे की, त्यांच्या शेजारच्या सुमारे सहा हेक्टर खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या चिखलाच्या जमिनीवर, बावीस मजली टॉवर येणार आहेत, दोन हजारांच्या आसपास फ्लॅट. पेपरात भूवापर बदलाची नोटीस आली आहे. हरकती द्यायला एक महिना आहे आणि त्यातले नऊ दिवस गेलेत. सोसायटीत दोन तट पडलेत. एकांना फ्लेमिंगोचे फलक घेऊन मानवी साखळी करायची आहे. दुसरे म्हणतात, आपलीच बिल्डिंग भरावावर उभी आहे, आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? ‘नक्की काय करावं? आणि थेट कोर्टातच गेलेलं बरं नाही का?’

उत्तर जरा लांबेल, पण सुरुवात मीच एका प्रश्नाने करतो. त्या खाजणात भरतीचं पाणी ज्या मोरीतून येतं, ती मोरी तुमच्यापैकी कोणी पाहिली आहे का? रस्त्याखालून पाइप असेल, जुन्या बांधातली उघाडी (पाण्यासाठी ठेवलेलं झडपेचं दार) असेल किंवा नुसती चर असेल. पाणी कुठून शिरतं, किती शिरतं, कुठे अडतं हे आधी बघून या. साखळी, निवेदन, वकील सगळं त्यानंतर.

या धंद्यात मला पंचवीस वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ मी टेबलाच्या पलीकडे होतो, म्हणजे विकासकांसाठी पर्यावरण मंजुरीचे प्रस्ताव तयार करायचो. खाजण कसं मरतं ते मी तिथे शिकलो. टॉवरने ते मरत नाही. टॉवरचा अर्ज येतो तोवर ते मेलेलं असतं, निदान कागदावर तरी. क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. कुठल्याशा रस्त्याच्या किंवा जेट्टीच्या कामात मोरी बुजते. भरती आत येईनाशी होते. एक-दोन उन्हाळ्यांत चिखल भेगाळतो, तिवरं म्हणजे खारफुटी वाळते, निवट्या (चिखलातले मासे) जातात, पक्षी जातात. कडेकडेने रात्री डेब्रिज पडू लागतं. मग एक दिवस सर्वेक्षणाची गाडी येते आणि अहवालात ‘ओसाड जमीन’ असे शब्द उमटतात.

असे शब्द मी स्वतः लिहिलेत. एका प्रकल्पाची जागा दाखवायला आम्हाला मुद्दाम मे महिन्यात नेलं होतं. जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा, मधूनमधून तिवरांची राखाडी खोडं. मी लिहिलं, ‘सदर भूखंड सद्यःस्थितीत ओसाड असून त्यावर उल्लेखनीय वनस्पती नाही.’ वाक्य खोटं नव्हतं. परतताना ड्रायव्हरने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, तेव्हा खाली पाइपाचं तोंड दिसलं. सिमेंटच्या गोण्या रचून ते बंद केलेलं होतं आणि गोण्यांवरचा छापा अजून वाचता येत होता. ऊन-पाऊस खाल्लेल्या गोणीवरचा छापा फार काळ टिकत नाही. मी काही बोललो नाही, अहवाल गेला, मंजुरीही झाली. पुढे मी ते काम सोडलं, पण ते मोठेपणाने सोडलं असं नाही. पगार थकला होता.

म्हणून म्हणतो, मोरी बघा. जायचं ते उधाणाच्या दिवशी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईला मोठी भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला असते, म्हणजे भर उजेडात सोयीने बघता येते. कोळीवाड्यातला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, थोडी पुढेमागे. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवशी जाल तर पाणी मुळातच कमी असतं, काही कळणार नाही. उधाणाला खाडी रस्त्याच्या पायापर्यंत टेकलेली आणि खाजण मात्र कोरडं, असं दिसलं तर समजा की तुमचं प्रकरण अर्धं तिथेच आहे.

आता हे सगळं पक्ष्यांपेक्षा महत्त्वाचं का? कारण हरकतीच्या सुनावणीत समोर बसलेला माणूस नगररचनेचा असतो. पक्ष्याचं ऐकून तो मान डोलावतो, पाण्याचं ऐकून वही उघडतो.

नवी मुंबईची घडणच तशी आहे. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीच्या खाली किंवा तिच्या बरोबरीला आहे. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने नाले थेट खाडीत सोडले नाहीत, मधे धारण तलाव ठेवले आणि तोंडाला झडपा बसवल्या. भरती आली की झडप मिटते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी निघून जातं. डोकं लावून केलेली रचना आहे. पण तलाव गाळाने भरत गेले, गाळात खारफुटी उगवली आणि आता गाळ काढायचा म्हटलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे बांधलेली साठवण कमी होत चालली आहे. अशा वेळी न बांधता मिळालेली साठवण म्हणजे तुमचं खाजण. सहा हेक्टरवर सरासरी एक मीटर पाणी मावतं असं धरलं तर ते सहा कोटी लिटर होतं. भराव पडला की हे सहा कोटी लिटर जाणार कुठे? ते नाहीसं होत नाही, शेजारच्या सखल सेक्टरात शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात भरतीची वेळ आली, आणि मिठी नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं. मिठीच्या काठची खाजणं कुठे गेली होती हे वेगळं सांगायला नको.

भरावाचाही हिशोब मांडा. सहा हेक्टर अडीच मीटर उचलायचे तर दीड लाख घनमीटर माती लागेल. डंपरमध्ये बारा घनमीटर मावते असं धरलं तर साडेबारा हजार फेऱ्या, तुमच्याच गेटसमोरून. दोन हजार फ्लॅटमध्ये पाच माणसं धरली तर दहा हजार लोक. माणशी १३५ लिटर या नेहमीच्या मापाने रोज साडेतेरा लाख लिटर पाणी लागेल आणि त्यातलं अकरा लाखांच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडेल. ते कुठल्या वाहिनीला जोडणार, ती वाहिनी आज किती भरून वाहते आणि पंप बंद पडला की ते कुठे उतरणार? ही उत्तरं बहुतेक प्रस्तावांत नसतात, किंवा ‘सक्षम प्राधिकरणाशी समन्वय साधून’ अशी असतात. हरकतीत हे आकडे असू द्या. तुमच्या जागेचे खरे आकडे टाका, माझे उतरवू नका.

कायद्याचा भाग किचकट आहे आणि लोक नेमके तिथेच घसरतात. ‘हे वेटलँड आहे, हात लावता येणार नाही’ असं जोरात सांगितलं जातं. पाणथळ जागांचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यांच्या व्याख्येतून मिठागरं, मत्स्यतळी, पिण्याच्या पाण्याचे आणि सिंचनाचे मानवनिर्मित जलाशय, भातशेती हे सगळं वगळलेलं आहे. शिवाय जे क्षेत्र सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात येतं, तेही या नियमांखालून बाहेर जातं. मग गंमत होते. पाणथळ म्हणून दाद मागायला जावं तर सांगतात हे सीआरझेड आहे, तिकडे जा. सीआरझेडच्या दारात जावं तर सांगतात बांधाच्या आतली जमीन आहे, भरतीरेषेच्या (मोठ्या भरतीचं पाणी पोचतं त्या हद्दीच्या) बाहेर. दोन कार्यालयांमध्ये खाजण लटकतं आणि तेवढ्यात डंपर येतात.

यातून वाट काढायची तर तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे राष्ट्रीय पाणथळ नकाशा. सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या २,०१,५०३ पाणथळ जागा इस्रोच्या केंद्राने उपग्रहावरून नोंदवल्या, त्यांना संरक्षणाची तत्त्वं लागू राहतील असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१७ चा आदेश आहे. तुमचं खाजण सहा हेक्टरचं आहे, म्हणजे त्यात असण्याची शक्यता बरीच. असलं तर त्याचा अनुक्रमांक हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

दुसरी म्हणजे खारफुटी, कायद्याच्या भाषेत कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिला की कांदळवन तोडणं हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे आणि कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, जमीन कोणाचीही असो. जिथे खारफुटी तोडली गेली तिथे ती पुन्हा उभी करण्याची जबाबदारीही शासनावर आहे. म्हणून वाळलेली खोडं दिसली तर ‘आता काही उरलं नाही’ म्हणून मागे फिरू नका. वाळलेलं खोड हा पुरावा आहे. त्याचा फोटो काढा, अक्षांश-रेखांशासकट.

तिसरी गोष्ट क्वचितच कोणी तपासतं आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत अशी तरतूद आहे की, बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते आणि आतली जमीन रेषेच्या बाहेर जाते. ही पहिल्या सीआरझेड अधिसूचनेची तारीख. पण आत खारं पाणी शिरून खारफुटी वाढली असेल, तर ती खारफुटी पहिल्या, सर्वांत कडक वर्गातच मोजायची, बांध कितीही जुना असो. आणि बांध १९९१ नंतरचा निघाला तर भरतीरेषा आत सरकते, त्या रेषेच्या आड येणाऱ्या टॉवरचा नकाशाच कोसळतो. म्हणजे सगळा मामला एका बांधाच्या वयावर येतो. हे वय कसं काढायचं? गुगल अर्थच्या जुन्या चित्रांवर विसंबू नका, ती फार मागे जात नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा, खारभूमी विकास विभागाच्या नोंदी आणि गावातली सत्तरी ओलांडलेली माणसं. एका प्रकरणात आम्हाला बांधाचं वय एका आजींनी सांगितलं. त्यांच्या धाकट्या मुलाच्या जन्माच्या साली तिथे बांधाचं काम चालू होतं आणि त्या स्वतः टोपली घेऊन कामाला होत्या. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही प्रतिज्ञापत्राला जोडला. समोरच्या वकिलांनी आधी हसून घेतलं आणि पुढची तारीख मागितली.

आता हरकत. तुमचा एक महिना हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा असावा, नोटिशीत कलम लिहिलेलं असतं ते पाहून घ्या. हा महिना जपून वापरा, कारण पुढे अशी संधी नाही. गैरसमज असा असतो की पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तेव्हा बोलू. तशी सुनावणी होत नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेने इमारत आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. कारखान्याला ती लागते, खाणीला लागते, दहा हजार माणसांच्या वसाहतीला नाही. तेव्हा हीच तुमची जनसुनावणी समजा.

कलम ३७ मध्ये एक अट आहे. फेरबदल असा हवा की त्याने विकास आराखड्याचं स्वरूप बदलू नये. ‘ना विकास’ किंवा मोकळ्या जागेचे सहा हेक्टर निवासी करून तिथे दोन हजार घरं घालणं हे स्वरूप बदलणं नाही का, हा प्रश्न शांतपणे, एका वाक्यात विचारा. उत्तर देणं त्यांना जड जातं.

लोक हरकत कशी लिहितात ते मी शेकड्यांनी पाहिलंय. ‘निसर्गाचा ऱ्हास थांबवा’, ‘येणाऱ्या पिढ्यांसाठी’ असं दोन पानं आणि खाली सोसायटीचा शिक्का. तीनशे जणांनी एकच मजकूर झेरॉक्स करून दिला की ती तीनशे नव्हे, एक हरकत म्हणून निकालात निघते. त्याऐवजी दहा वेगवेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीत एकच मुद्दा. तळमजल्यावर राहणाऱ्याने पाणी कधी, किती वर आलं ते लिहावं. निवृत्त इंजिनिअर प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच, त्यांनी नाल्याचा हिशोब द्यावा. शाळेच्या बसचा रस्ता कोणता, अग्निशमनची गाडी कुठून वळणार, हे त्या बसमध्ये पोर बसवणाऱ्या आईने लिहावं. बारा ओळी पुरतात. उदाहरणार्थ: ‘मी अमुक सेक्टरमध्ये तळमजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात भरती चालू असताना आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. ओहोटी लागल्यावर ते दीड तासात प्रस्तावित भूखंडाकडे उतरलं. फोटो सोबत आहेत. या भूखंडावर भराव झाल्यास हे पाणी कोठे जाईल याचा अभ्यास फेरबदलाच्या प्रस्तावात आहे का? असल्यास प्रत मिळावी, नसल्यास फेरबदल नामंजूर करावा. सुनावणीस प्रत्यक्ष हजर राहू इच्छितो.’ शेवटचं वाक्य प्रत्येकाने लिहायचंच. आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. ‘ठेवून जा, नंतर देतो’ म्हणाले की तिथेच बसा.

माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका, पण त्यावर अवलंबून राहू नका. उत्तराला तीस दिवस लागतात आणि तुमच्याकडे एकवीस आहेत. फेरबदलाचा नकाशा नोटिशीत लिहिलेल्या कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. जाऊन बघा, मोबाइलने फोटो काढा. नकाशावर भरतीरेषा कोणत्या वर्षाची काढली आहे ते खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

फ्लेमिंगोचं काय, असं तुमचे पहिल्या तटातले लोक विचारतील. त्यांना गप्प करू नका, फक्त पक्ष्यांची बाजू नीट मांडायला सांगा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. त्यामुळे लोकांचा समज होतो की पक्ष्यांची सोय झाली. पण रोहित पक्षी, म्हणजे हेच फ्लेमिंगो, ओहोटीला खाडीतल्या चिखलावर चरतात आणि भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. तेवढे तास त्यांना उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर असते: नेरूळचा डीपीएस तलाव, टीएस चाणक्य आणि एनआरआय संकुलामागची पाणथळ, उरणकडे पाणजे. ताट अभयारण्यात आणि पाट बाहेर, अशी गत आहे. पाट काढून घेतला तर ताट ठेवून उपयोग नाही. हे सुनावणीत सांगायचं असेल तर भरतीच्या वेळेसकट मोजणी द्या: अमुक दिवशी, भरतीआधी एक तास इतके पक्षी, भरतीला इतके. चार उधाणांच्या अशा नोंदी हातात असल्या की एक पानभर भावना न लिहिता चालतं. विमानतळाचा मुद्दाही याला जोडून येतो. नवी मुंबईचा विमानतळ जवळ आहे, आणि बसायची जागा गेलेले थवे कुठे उडतील हा विमान सुरक्षेचा प्रश्न आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एका रात्रीत तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. सुदैवाने विमान सुखरूप उतरलं.

डीपीएस तलावाची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. तिथेही मुख्य तंटा पाण्याच्या वाटेचाच होता. भरती आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, तलाव कोरडा पडत गेला, शेवाळ माजलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंगो मरू लागल्यावर सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. आधीची काही वर्षं स्थानिक मंडळी मोरीबद्दलच पत्रं लिहीत होती. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. फ्लेमिंगो मेले म्हणून लक्ष गेलं हे खरं. पण मागणी नेमकी काय करायची हे ठरलेलं होतं, कारण कोणीतरी पाण्याच्या वाटा मोजून ठेवल्या होत्या.

या लढ्यात तुमच्याबरोबर कोण हवं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. जवळच्या कोळीवाड्यात जा. निवेदनावर सह्या मागायला जाऊ नका, आधी ऐकायला जा. त्या खाजणात कोण पाग टाकतं, चिंबोऱ्या कोण धरतं, कोळंबी कोणत्या महिन्यात मिळते, कधीपासून मिळेनाशी झाली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण-पनवेल पट्ट्यातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदराच्या कामासाठी भराव झाला, भरतीच्या वाटा अडल्या आणि मासळी गेली, हा त्यांचा दावा होता. तो अर्ज पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः लढवला होता. खाजण कोणाचं आहे या प्रश्नाला तुमच्यापेक्षा त्यांचं उत्तर जास्त पक्कं आहे. अट एकच: आगरी-कोळी माणसाला मंचावर बसवून भाषण तुम्हीच करू नका. त्यांना हे ओळखता येतं, आणि ते पुन्हा येत नाहीत.

आता दुसऱ्या तटाचं म्हणणं. आपली बिल्डिंगही भरावावरच आहे. खरं आहे. हे शहर ९५ गावांच्या जमिनी घेऊन उभं राहिलं आणि त्यात खाजणं, मिठागरं, भातखाचरं सगळं गेलं. सुनावणीत विकासकाचे लोक हे काढणारच, तेव्हा आपणच आधी काढा. सरळ सांगा की हो, आमची इमारत भरावावर आहे, म्हणूनच पाणी आमच्याकडे येतं हे आम्हाला माहीत आहे. पुढच्या दहा हजार लोकांना आमच्यासारखंच पंप लावून झोपायला लावू नका. मी असं बोललेली माणसं पाहिली आहेत आणि समितीतली मंडळी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

पण एक पथ्य पाळा. ‘आमच्या खिडकीतून खाडी दिसणार नाही’, ‘फ्लॅटचे भाव पडतील’, ‘कसली माणसं येतील कुणास ठाऊक’ यातलं एक वाक्यही तोंडातून जाता कामा नये, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा. ग्रुपमधले स्क्रीनशॉट समोरच्या बाजूकडे पोचतात, मी स्वतः तिकडे बसून वाचले आहेत. शिवाय ते वाक्य मनातही खोटं आहे. मुंबईच्या आसपास घरं लागणारच. घनदाट घरांनाच विरोध असेल तर माझा तुम्हाला पाठिंबा नाही. उलट स्टेशनजवळच्या पक्क्या जमिनीवर बावीस मजली इमारत खाजणावरच्या चार मजलीपेक्षा कधीही चांगली. खाजण मजल्यांनी मरत नाही. जोत्याखालचा भराव, तळघरातला उपसा, संरक्षक भिंत, रात्रभर जळणारे दिवे आणि त्या दोन हजार घरांसाठी येणारा रस्ता, हे मारतात. म्हणून हरकतीत ‘घरं नकोत’ म्हणू नका, ‘ही घरं तिथे घ्या’ म्हणा. कोणता भूखंड पडीक आहे, कोणत्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडलाय, या जमिनीचा एफएसआय (बांधकामाचा हक्क) टीडीआर (दुसरीकडे नेता येणारा हक्क) म्हणून तिकडे नेता येईल का, हे एका नकाशावर दाखवा. असा नकाशा घेऊन आलेला हरकतदार मी टेबलाच्या पलीकडे असताना नऊ वर्षांत दोनदा पाहिला. दोन्ही वेळा आमच्या साहेबांना घाम फुटला होता.

वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इतरांनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं, तेव्हा बोलणारी माणसं बागायतदार होती आणि बोलत होती विहिरींबद्दल. विहीर खारट झाली की केळीची बाग बसते, हे कळायला अहवाल लागत नाही. सगळं वाचलं असं नाही. वसई-विरारच्या सखल भागांत पुढे जे झालं ते जुलै २०१८ मध्ये दिसलं, मिठागरातल्या वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि लोकल बंद पडल्या. पण जो हिरवा पट्टा आज उरला आहे, तो त्या विहिरींच्या बोलण्यामुळे.

कोर्टात थेट जाऊ नका. हरकतच दिली नसेल तर पहिला प्रश्न येतो, तेव्हा कुठे होता? शिवाय दारं दोन आहेत आणि ती चुकली की वर्ष जातं. भूवापर बदलाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय, कारण नगररचना कायदा हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही. पर्यावरण मंजुरी किंवा सीआरझेडची मंजुरी मिळाली असेल तर तिच्याविरुद्ध अपील पुण्याच्या न्यायाधिकरणाकडे, तीस दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात. एक्क्याण्णवाव्या दिवशी दार बंद होतं आणि कितीही रडलात तरी उघडत नाही. म्हणून सोसायटीतल्या कोणाला तरी दर सोमवारी परिवेश हे पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी पोर्टल उघडून गावाचं नाव टाकायचं काम लावून द्या. कंटाळवाणं आहे, कॉलेजमधल्या पोरांना देऊ नका. त्यांचा उत्साह दोन सोमवार टिकतो. निवृत्त बँकवाला शोधा.

मोरी बुजवलेली आढळली, खारफुटी तोडलेली दिसली किंवा भराव सुरू झालाच, तर हरकतीची वाट न पाहता तहसीलदारांकडे आणि कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करून पंचनामा मागा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली, कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे, तिला प्रत पाठवा. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. पंचनाम्यात ‘अंदाजे’ हा शब्द आला की लांबी-रुंदी मोजून लिहायला लावा.

एनआरआय आणि टीएस चाणक्यच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि घरं येणार होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो भूवापर बदल रद्द केला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे लढणारे मूठभर रहिवासी होते आणि त्यांची वर्षं त्यात गेली. तुमच्याकडून तेवढी तयारी असेलच असं मी धरत नाही. निम्मे लोक तीन महिन्यांत गळतील. उरलेले पाच पुरतात, फक्त पाचांपैकी एकाला हिशोब जमला पाहिजे आणि एकाला शांत बसता आलं पाहिजे.

येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, त्यातलं जे आधी असेल त्या दिवशी, साडेअकराला मोरीपाशी पोचा. बूट नकोत, चिखल ते ठेवून घेतो. एक बांबू न्या आणि त्यावर दर अर्ध्या फुटाला तेलरंगाची पट्टी मारा. तो मोरीच्या खाडीकडच्या तोंडाशी रोवा, दुसरा तसाच आतल्या बाजूला. दर पंधरा मिनिटांनी दोन्हींचा फोटो, घड्याळ दिसेल असा. दोन्ही बांबूंवर पाणी बरोबरीने चढलं तर तुमचं खाजण जिवंत आहे. बाहेरच्यावर चार पट्ट्या आणि आतल्यावर एकही नाही असं झालं, तर मोरीत हात घालून बघा आत काय भरलं आहे. गोण्या निघाल्या तर त्यांच्यावरचा छापाही वाचून घ्या.